जोडदेहाची साक्ष

भिंतीवरच्या पडद्यावर यमुनाबाई चौगुले श्वास घेत होत्या. त्यांना जाऊन चौदा दिवस झाले होते.

पडद्यावर होता तो त्यांचा जोडदेह. रुग्ण दाखल झाला की त्याची नाडी, रक्तदाब, रक्तातली रसायनं, अवयवांची चित्रं अशी हजारो मोजमापं संगणकात जातात आणि त्या माणसासारखंच वागणारं एक शरीर तिथे उभं राहतं. त्याला ताप चढतो, त्याची जखम भरते, औषध लागू पडतं किंवा पडत नाही. रुग्ण दगावला, तर जोडदेह मागच्या वेळेला नेता येतो आणि विचारता येतं: त्या दिवशी एवढी एक गोष्ट वेगळी झाली असती तर?

पूर्वी हाच प्रश्न काचा फोडून विचारला जायचा. नातेवाईक दगड उचलायचे, डॉक्टर मागच्या दाराने निघायचे आणि खटला दोन्हीकडची माणसं थकेपर्यंत चालायचा. जत तालुक्यातल्या या रुग्णालयात आता उकल-कक्ष होता. वाद आला की दोन्ही बाजू त्याच खोलीत, एकाच टेबलाशी बसत. दोन वर्षांपूर्वी जोडदेहाने भुलेच्या औषधाचं प्रमाण चुकल्याचं दाखवलं, तेव्हा रुग्णालयाचे प्रमुख स्वतः त्या रुग्णाच्या घरी जाऊन हात जोडून आले होते. दगडांच्या भीतीने बसवलेली दारावरची लोखंडी जाळी त्यानंतर कोणी लावली नाही.

उकलतज्ज्ञ मृण्मयी केळुस्करला या कामाचा अभिमान होता. आज मात्र तिचं लक्ष यमुनाबाईंच्या मुलाकडे, किरणकडे पुन्हा पुन्हा जात होतं. तासाभरापूर्वी त्याने तिला व्हरांड्यात गाठलं होतं.

"मॅडम, ऑपरेशनला उशीर का झाला, तेवढं अप्पांना, माझ्या थोरल्या काकांना, दाखवू नका."

"प्रश्न त्यांनी लिहून दिलाय. उत्तराबरोबर कारणही दाखवावंच लागतं."

"आई म्हणाली होती, थोरल्या दिरांना येऊ दे, मग ऑपरेशनच्या कागदावर सही करीन. आमच्यात तसंच असतं. मीही थांबलो. त्यांना हे ठाऊक नाही."

"मग तुम्हीच सांगा ना आधी."

"कुठल्या तोंडानं?" तो म्हणाला. "हे पुसता नाही का येत?"

"पुसता आलं असतं, तर इथे कोणी विश्वासानं बसलंच नसतं."

आता टेबलाच्या एका बाजूला चौगुल्यांचे अकरा जण होते. समोर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. वसुधा हजारे एकट्याच. यमुनाबाईंचे थोरले दीर, शंकरअप्पा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेले.

"बाई, काट्यावर उभा राहिलेला माणूस आहे मी," ते मृण्मयीला म्हणाले. "काटा ज्याचा, वजन त्याच्या बाजूनं. तुमचा काटा कोण तपासतं?"

"जोडदेहाच्या तीन प्रती निघतात, अप्पा. एक इथे, एक न्यायालयात, एक विद्यापीठात. तिन्हींचं उत्तर एकच आलं तरच ते पडद्यावर उमटतं."

"हे बरंय. आमच्या कारखान्यात आणा एखादा." मागे कोणीतरी हसलं. अप्पा हसले नाहीत. "मग विचारा. आतड्याला भोक पडलंय हे सकाळी दहाला कळलं. माझी भावजय दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत नुसती पडून. मी दारात पोचलो, तेव्हा कुठं तिला आत नेत होते. दहालाच कापलं असतं तर?"

"अप्पा, राहू द्या. घरी जाऊ," किरण म्हणाला.

"गप रे. तुझ्या आईचंच विचारतोय."

मृण्मयीने वेळ बदलली. "एकदाच चालवून कळत नाही," तिने समजावलं. "शरीरात थोडा भाग नशिबाचा असतो. म्हणून तोच दिवस हजार वेळा घडवायचा आणि मोजायचं."

दोन वाजून वीस मिनिटं: हजारात तीनशे दहा वेळा यमुनाबाई जगल्या.

सकाळी दहा: आठशे चौऱ्याऐंशी वेळा.

"बघा!" अप्पा उठून उभे राहिले. त्यांनी डॉ. हजाऱ्यांकडे बोट दाखवलं. "माझ्या घरची लक्ष्मी होती ती. चार तास काय करत होता तुम्ही?"

नियमाप्रमाणे पडद्यावर कारण उमटलं. दहा वाजून दहा, अकरा चाळीस, एक वाजून पाच: तीनदा संमतीपत्र पुढे केलं. तिन्ही वेळा रुग्ण शुद्धीवर होती, धोका सांगितला होता, आणि उत्तर एकच होतं. घरचं माणूस यायचंय.

अप्पांनी ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"कोण यायचं होतं?"

किरणने मान खाली घातली. त्याच्या शेजारच्या बहिणीनेही. अप्पा एकेकाकडे बघत गेले आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच राहिले.

"मी बसनं निघालो होतो," अप्पा सावकाश म्हणाले. "फोनवर कोणी सांगितलं असतं, तर तिथूनच म्हटलं असतं, करा म्हणून."

"माझं चुकलं," डॉ. हजारे एकदम म्हणाल्या. "मी चौथ्यांदा जायला हवं होतं. अजून पटवायला हवं होतं."

अप्पांनी मृण्मयीकडे आशेने पाहिलं. "मग हे चालवून बघा की. बाईंनी अजून पटवलं असतं तर?"

"ते येत नाही यंत्राला, अप्पा. जोडदेह फक्त शरीराचा असतो. यमुनाबाईंनी ऐकलं असतं की नाही, हे त्याला कळत नाही."

अप्पा खाली बसले. अर्जावर 'वाद उरला नाही' असा शेरा मारून मृण्मयीने सह्यांसाठी कागद पुढे सरकवला. अशा शेऱ्यांचं हे तिचं सदतिसावं प्रकरण, आणि एकही उत्तर चुकीचं निघालं नव्हतं. हेही चुकीचं नव्हतं.

अप्पांनी पेन उचललं नाही. टेबलावरून वाकून त्यांनी डॉ. हजाऱ्यांचा हात धरला.

"डॉक्टरबाई, तुमचीच चूक झाली, असं पुन्हा एकदा म्हणा. जोरात म्हणा."

डॉ. हजाऱ्यांनी ते म्हटलं. दोनदा म्हटलं. खोलीतल्या एकालाही ते खरं वाटलं नाही.