शेजारी बांधलेली बोट

धप्प!

डोक्यावरच्या फळ्यांवर काहीतरी आदळलं आणि एनोराच्या हातातली सुई शिडाऐवजी अंगठ्यात घुसली. पाठोपाठ पावलं... जड बुटांची, तिच्या डेकवरून आरामात चालत निघालेली. अंगठा तोंडात धरून तिनं केबिनची झडप सरकवली.

"ओ! हा रस्ता नाहीये, घर आहे माझं!"

पावसात एक पिवळा रेनकोट उभा होता. आत एक माणूसही असावा, कारण दाढीवरून थेंब गळत होते. हातात दोराचं वेटोळं.

"माफ करा हं. वादळामुळे धक्क्यावर जागाच नाही. बंदराचे साहेब म्हणाले, निळ्या बोटीला चिकटून बांध. तिच्यातली बाई कधी बाहेरच येत नाही म्हणाले."

"असं म्हणाले?"

"म्हणजे... जरा सभ्य शब्दांत म्हणाले."

एनोरानं मान उंच करून पाहिलं. तिच्या बोटीला खेटून एक छोटी लाल बोट डुलत होती, पावसानं बेजार झालेल्या कोंबडीसारखी.

"चालायचं तर डोलकाठीच्या पुढून चालायचं. मागे माझं अंगण आहे. आणि बूट काढून."

"या पावसात?"

"पाय धुवायला पाणी आयतंच आहे."

त्यानं खरंच बूट काढले. ते छातीशी धरून, चवड्यांवर, चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसासारखा तो धक्क्याकडे गेला. एनोरानं झडप लावून घेतली आणि मग एकटीच हसली... उगाचच.

त्याचं नाव ग्वेंदाल. लाकडी बोटींचा सुतार. स्पेनमधल्या विगोला एका जुन्या बोटीचं काम त्याची वाट पाहत होतं, पण एप्रिलपासून. तोवर दक्षिणेकडे जायचं तर वारा हवा उत्तरेचा, आणि त्या हिवाळ्यात कामारेच्या बंदरावर एकामागून एक वादळं चालून येत होती, तीही दक्षिणेकडूनच. म्हणून तो राहिला. कुणाचं सुकाणू दुरुस्त कर, कुणाची फळी बदल, असं करत राहिला. बाहेरच्या बोटीतल्या माणसाला जमिनीवर जायचं तर आतल्या बोटीवरूनच जावं लागतं. सकाळी पाव आणायला, संध्याकाळी कामावरून परतताना, एनोराच्या डोक्यावरून त्याची अनवाणी पावलं जायची. लोकांची फाटकी शिडं शिवताना तिचा हात त्या आवाजाशी थबकायचा. कधी पावलं उशिरा आली, की टाका वाकडा पडायचा.

एका सकाळी झडपेवर कागदात गुंडाळलेला अर्धा पाव. गरम.

"हे काय?" तिनं ओरडून विचारलं.

"जकात," लाल बोटीतून उत्तर आलं. "तुमच्या राज्यातून रोज जातो ना."

"लोणी नाही लावलंत?"

"लोण्यासाठी तुम्हाला इकडे यावं लागेल. सीमा ओलांडून."

ती गेली नाही. त्या दिवशी नाही. पण चार-पाच दिवसांनी गेली, आणि चिंचोळ्या टेबलाशी बसून दोघांनी खारट लोणी लावून पाव खाल्ला. गुडघ्याला गुडघा लागत होता. बोट एवढी लहान, की त्याला इलाज नव्हता... आणि इलाज कुणी शोधतही नव्हतं.

"आता 'तुम्ही' पुरे," तो म्हणाला. "आपले दोर एकाच खुंटीला आहेत."

"बरं. मग तू भांडी घास."

धक्क्याच्या टोकाला स्वाझिक राहायची, एका निवृत्त मासेमारी बोटीत, कुंड्यांतल्या जिरेनियमसकट. साठी कधीच उलटलेली, नजर मात्र दुर्बिणीची. "काय गं पोरी," ती एनोराला म्हणाली, "हल्ली केस विंचरतेस?"

"वारा विंचरतो."

"मग वाऱ्याला भांग काढता येतो तर!"

फेब्रुवारीत एकदा ग्वेंदाल एनोराच्या बोटीचे दोर पाहत उभा राहिला. गाठींवर शेवाळ धरलं होतं.

"ही शेवटची बाहेर कधी पडली?"

एनोरा आत गेली. दोन दिवस झडप उघडली नाही. मग तीच त्याच्या बोटीवर टकटक करून म्हणाली, "उद्या मोठी ओहोटी आहे. बोटीचं पोट घासायचंय. येतोस?"

भरतीला, पुढचा जुना दोर तसाच ठेवून, त्यांनी बोट ओढत भिंतीलगत नेली. समुद्र सावकाश मागे सरला आणि बोट चिखलात उघडी पडली. शेवाळाची हिरवी लांबलचक दाढी, इंजिनाच्या पंख्याभोवती काळे शिंपले. एनोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यांनी तर संसार थाटलाय," तो म्हणाला. "नातवंडंही दिसताहेत. जेवणाची सोय झाली."

"खाऊ नकोस. शेवाळ मारायचा विषारी रंग चाटून मोठे झालेत ते."

दोघं घासत राहिले. चिखलात बूट रुतत होते, बोटं बधिर झाली होती. बोटीचा कणा दोघांच्या मध्ये होता, आणि कदाचित म्हणूनच तिला बोलता आलं. तो पलीकडे होता, दिसत नव्हता.

"तीन वर्षांपूर्वी मी आणि बाबा निघालो होतो. राझच्या सामुद्रधुनीपलीकडे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. धुकं होतं. मी एकटीनं बोट परत आणली. ते वाचले... आता आत्याकडे असतात, आतल्या गावात, शेतांच्या मध्ये. सगळे म्हणाले, शूर पोरगी. पण धक्क्याला दोर बांधला, आणि मग तो सोडताच येईना."

पलीकडचं घासणं थांबलं.

"पाण्याची भीती वाटते?"

"पाण्याची नाही रे. सुकाणू धरून मी पुढे बघत असेन आणि मागे वळले, की कुणीतरी पांढरंफटक पडलेलं असेल... त्याची."

 तो बोटीला वळसा घालून आला आणि तिच्या शेजारी, तिच्याच बाजूला घासू लागला. दोघांची कोपरं एकमेकांना लागत होती. पाणी परत येईपर्यंत बोट लख्ख झाली होती.

मार्च सरता सरता वारा फिरला. ईशान्येचा, कोरडा, हवा तसा.

"चल माझ्याबरोबर," ग्वेंदाल म्हणाला.

"तुझ्या बोटीवर? आणि माझी?"

"स्वाझिक बघेल."

"मग मी तिथे कोण? पाहुणी?"

"बरं, मग मीच राहतो."

"आणि जूनमध्ये क्षितिजाकडे बघून उसासे टाकशील? नको ग्वेंदाल. तसला माणूस मला सांभाळता यायचा नाही."

तो हसला नाही. तीही नाही.

सकाळी तिनंच त्याचे दोर सोडले. लाल बोट हळूहळू दूर होऊ लागली. तो तिच्याकडे बघून काहीतरी म्हणाला, पण इंजिनाच्या धडधडीत ते विरून गेलं. तिनं हात केला. मग आत जाऊन शीड मांडीवर घेतलं आणि तिला एकही टाका दिसेना.

"रडतेस?" स्वाझिक दारात उभी होती, हातात कॉफी.

"सुई टोचली."

"डोळ्याला?" स्वाझिक पायरीवर टेकली. "तो आज काही राझ ओलांडत नाही. प्रवाह उलटा आहे. कड्यापलीकडच्या खाडीत नांगर टाकून बसेल, उद्या सकाळपर्यंत."

"मग?"

"मग काय? मी हवामान सांगतेय."

एनोरा बाहेर आली. बोटीच्या ज्या बाजूला इतके महिने लाल रंग होता, तिथे आता पाणी होतं. मोकळं. ती बराच वेळ तिथे बघत राहिली.

"स्वाझिक... पुढचा दोर सोडशील?"

गाठ इतकी घट्ट बसली होती, की म्हातारीनं शेवटी सुरी काढली.

बंदराच्या भिंतीबाहेर पहिली लाट आली तेव्हा एनोरानं सुकाणू घट्ट धरलं. तिनं शीड चढवलं. बोट किंचित कलली आणि धावू लागली, स्वच्छ पोटानं, हलकी. कड्याजवळ तिला राहवेना. तिनं मागे वळून पाहिलं. बाबा बसायचे ती फळी रिकामी होती, तिच्यावर ऊन पडलं होतं. एवढंच.

कडा ओलांडला आणि खाडीत लाल ठिपका दिसला. तिनं रेडिओ उचलला.

"ग्वेंदाल, ग्वेंदाल, इथे एनोरा."

"एनोरा? तू... कुठून बोलतेस?"

"मागे बघ."

नुसती खरखर. मग तीच बोलत सुटली. "पाहुणी म्हणून नाही आले. माझी बोट घेऊन आलेय. सकाळी तू काय म्हणालास ते ऐकू आलं नाही, म्हणून माझंच सांगते. मला तू आवडतोस. खूप. ऐकलंस?"

"ऐकलं," रेडिओवर स्वाझिकचा आवाज आला.

"आम्हीही," कुणी मच्छीमार म्हणाला. "आता पोराला बोलू द्या की!"

एनोराचे कान तापले. या वाहिनीवर सगळं बंदर ऐकत असतं, हे ती साफ विसरली होती.

"मीही तेच म्हणालो होतो," ग्वेंदालचा आवाज आला, जरा कापरा. "दोनदा."

दुसऱ्या दिवशी प्रवाह थांबल्यावर दोन बोटी जोडीनं राझमधून गेल्या, निळी जरा पुढे. दुपारी ओदिएर्नच्या बंदरात पोचल्यावर एनोरानं आत्याकडे फोन लावला.

"बाबा, बोट घेऊन आलेय. राझ ओलांडून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"वारा कुठला होता?"

"ईशान्येचा."

"छान. आणि सोबत कोण?"

लाल बोटीच्या कठड्यावर ग्वेंदाल ओले मोजे वाळत घालत होता. तिनं पाहिलंय हे कळताच त्यानं एक मोजा झेंड्यासारखा हलवला.

"आहे एक," ती म्हणाली. "विगोला चाललाय. मीही जाईन म्हणते."