मेलेल्या कर्नलचे शेवटचे शब्द

ताउनोने अहवालाची शेवटची ओळ पुन्हा वाचली. औलूच्या बंदरातल्या क्रेनचा कर्नल, म्हणजे तिच्या संगणकाचा मूळ कारभारी, कोसळताना जे जे बोलला ते सगळं त्यात उतरलं होतं. अगदी शेवटच्या श्वासापर्यंत.

नेमकं तेच त्याला खटकलं.

ओझं सुटून क्रेनवाल्या मार्टीचा पाय गेला होता. अहवाल लिहिला होता मुख्य अभियंता वेइक्कोने, आणि दोष ठेवला होता कर्नलचा बहुतेक भाग लिहिणाऱ्या ताउनोच्या धाकट्या भावावर, एस्कोवर. सोमवारी मालक पेंट्टी त्यावर सही करणार होता.

शुक्रवारी कंपनीच्या सौनात, म्हणजे वाफेने तापलेल्या खोलीत, ताउनो, वेइक्को आणि पेंट्टी असे तिघेच होते. ताउनो मुद्दाम वरच्या फळीवर, वेइक्कोला खेटून बसला. आधी उठेल तो हरला, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

"ही नोंद क्रेनवरचीच ना?" त्याने विचारलं.

"मी स्वतः तिच्या डिस्कवरून उतरवली. भावाची करणी बघवत नसेल तुला."

ताउनोने तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. वाफ कानांना चावली.

"नोंद बाहेर पाठवणारी तार होती क्रेनला?"

"थंडीनं तडकली होती. नाताळापासून बंद."

"म्हणजे लिहिणारा फक्त तिचाच कर्नल."

"मग काय तुझी आजी येऊन लिहिणार होती?"

आणखी एक पळी. पेंट्टी खालच्या फळीवर सरकला. "पुरे रे आता, भाजून काढशील!"

"मेलेला माणूस स्वतःच्या मृत्यूचा दाखला लिहितो का, पेंट्टी? असा कर्नल कोसळला की डिस्कवर लिहिणारा हातही त्याच्याबरोबरच जातो. शेवटच्या ओळी उरतच नाहीत."

"मग या कुठून आल्या?"

"टेबलावरून. चुका शोधताना आपण कर्नलला साध्या प्रोग्रॅमसारखा, दुसऱ्या कर्नलच्या आश्रयाला चालवतो. पाहुणा मेला तरी यजमान उशाशी बसलेला असतो. तो शब्दन् शब्द टिपतो. वेइक्को, एस्कोचा कर्नल तू तुझ्या टेबलावर मारलास, आणि मढं, म्हणजे ती नोंद, क्रेनवर नेऊन ठेवलंस."

"कशाला करीन मी असलं?" वेइक्कोने विचारलं.

"अपघातानंतर सीलबंद केलेल्या क्रेनच्या डिस्कची प्रत पेंट्टीनेच मला दिली. त्यातला कर्नल मीही टेबलावर चालवला, पावलापावलाला थांबवत. ओझं निसटताच एस्कोचा भाग ओरडतो, ब्रेक लावा! ती हाक वाटेतच कुणीतरी गिळतं. तो भाग तुझा. माल लवकर उतरावा म्हणून तू ब्रेकची तपासणीच बंद केलीस."

पेंट्टीने मान वर करून वेइक्कोकडे पाहिलं. दगड चरचरत होते.

"खरं आहे?" पेंट्टीने विचारलं.

वेइक्को उठला. दाराकडे वळला.

"बस खाली," पेंट्टी म्हणाला. "सोमवारी सही होईल. दोष तुझ्या नावावर."

ताउनोने उरलेली सगळी बादली दगडांवर रिकामी केली.

"मार्टीला उठून पळता आलं नव्हतं, वेइक्को. तूही बस."