कुनिगुंडेचा नवरा

मी भूलतज्ज्ञ आहे. आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात सहा वर्षं लोकांना झोपवते आणि त्यांचे श्वास मोजते. भुतांवर माझा विश्वास नाही, माणसांवरही बेताचाच.

२०२१च्या मे महिन्यात माझी चुलत बहीण सानिका आमच्याकडे राहत होती. पीएचडी डब्लिनची, पण लॉकडाऊनमुळे सगळा अभ्यास आमच्या किचन टेबलावर. तिचं लग्न नागपूरच्या अद्वयशी ठरलं होतं. म्हणजे नागपुरातली दोन हॉस्पिटलं एक होणार होती, एक काकांचं, दुसरं अद्वयच्या वडिलांचं. मुलामुलीचं पटणं आपलं तोंडी लावायला.

अद्वयला येता येईना. तो म्हणे क्वारंटाइनमध्ये, म्हणून फोनवरही कॅमेरा बंद, नुसता आवाज. अक्षय तृतीयेचा मुहूर्त मात्र टळता कामा नये. व्हिडिओ कॉलवर काका म्हणाले, पूर्वी नवरदेव लढाईवर असला की त्याच्या तलवारीशी, खांड्याशी लग्न लावायचेच ना? तुम्ही पाटावर अद्वयचा फोटो ठेवा, सानिका त्याला हार घालेल.

जिवंत माणसाच्या फोटोला हार. मी स्क्रीनवर अद्वयच्या आईकडे, पद्मजाकाकूंकडे, पाहिलं. कुठल्याही आईनं यावर घर डोक्यावर घेतलं असतं. त्या म्हणाल्या, "चालेल."

मला ते फार खटकलं. माझा नवरा गिरीश म्हणाला, मी उगाच संशय घेते, सगळं ग्रँड आहे, म्हणजे आयरिश लोकांच्या भाषेत ठीकठाक. त्याला स्वतःच्या कोडमधले बग दिसत नाहीत, हे काय दिसणार!

सानिकाला विचारलं, तर ती हसून तिच्या प्रबंधातल्या कुनिगुंडेबद्दल सांगू लागली. चौदाव्या शतकातली जर्मन सरदारकन्या. सोळाव्या वर्षी तिचं लग्न नवऱ्याच्या हातमोज्याशी लावलं, कारण नवरा आधीच मेला होता आणि दोन्ही घराण्यांना तह हवा होता. पुढे एकतीस वर्षं ती माहेरी पत्रं लिहीत होती. आज ह्यांना सूप खारट लागलं. आज हे कुत्र्यावर रागावले.

"वेड लागलं असेल बिचारीला," मी म्हणाले.

"आचाऱ्याची जबानी आहे ताई. सूपवरून त्यालाही बोलणी बसली होती."

त्या संध्याकाळी, बुधवारी, अद्वयचा फोन स्पीकरवर होता. बोलणं गोड, सावकाश. सवयीनं मी श्वास मोजू लागले. तो चार मिनिटं बोलला. मला मोजायला एकही श्वास मिळाला नाही.

रेकॉर्डिंग असणार, असं वाटून मी मध्येच विचारलं, काय रे, जेवलास का?

"चित्राताई, तुमची आमटी उतू चाललीय," तो म्हणाला.

शेगडीवर आमटी उतू चालली होती.

मी नागपूरच्या माधवीला, माझ्या वर्गमैत्रिणीला, मेसेज केला. उत्तर आलं ते लग्नाच्या सकाळी, मुहूर्ताला वीस मिनिटं उरलेली असताना. अद्वय वडिलांच्याच आयसीयूत होता. मंगळवारी गेला. घरच्यांनी बाहेर कळू दिलेलं नाही.

फोटोची कल्पना काकांचीच, म्हणजे त्यांना हे माहीत असणारच. मला त्यांचा भयंकर राग आला. सानिका शालू नेसून पाटावर बसली होती. मी लॅपटॉप म्यूट केला आणि तिला सगळं सांगून टाकलं. ऊठ म्हटलं, हे लग्न होणार नाही.

तिनं माझा हात धरला.

"मला माहितीय ताई. मंगळवारी त्यानंच सांगितलं."

"सानू, ऊठ."

"तो आलाय गं. आता कशी उठू?"

तिनं स्वतःच अनम्यूट केलं.

मंगलाष्टकं झाली. गिरीशला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो उत्साहानं मुठी भरभरून अक्षता टाकत होता. मी दाराशी उभी राहिले. मला भीती वाटत होती.

लग्न लागल्यावर मी अक्षता ओढून घ्यायला हूवर काढला. सानिका अजून पाटावरच बसून आईशी फोनवर बोलत होती. तांदूळ तिच्या मांडीवर, सोफ्याखाली, गालिचाभर.

शेजारच्या, अद्वयच्या फोटोच्या पाटावर एकही दाणा नव्हता.

तिथून मात्र जिन्यापर्यंत, आणि वर सानिकाच्या खोलीच्या दारापर्यंत, चालताना कुणाच्या अंगावरून गळावेत तसे एकेक दाणे पडले होते.