काकूसारखं

"मला पुढे काकूसारखंच करायचंय!" जेवता जेवता ठकी म्हणाली, आणि वाढायला उभ्या असलेल्या तिच्या आईचा, थोरलीचा, डाव पातेल्यातच थबकला.

पोरीने काही वावगं म्हटलं नव्हतं. फार्मसीचं शेवटचं वर्ष संपत आलं होतं. ती पदवी हातात पडली की लगेच बाहेरगावी जाऊन धंद्याच्या व्यवस्थापनाची दुसरी पदवी, म्हणजे एमबीए, करायची, एवढाच तिचा बेत होता. कुठल्याही आईचा ऊर भरून यावा असा! पण थोरलीच्या कानांत ती पदवी शिरलीच नाही; तिथे घुमत राहिला तो एकच शब्द... काकूसारखंच. 'आईसारखं' हा शब्द या पोरीच्या तोंडून आपण शेवटचा कधी ऐकला, हे तिला काही केल्या आठवेना.

"शाब्बास!" बाबा, म्हणजे थोरलीचे सासरे, कौतुकाने म्हणाले. "आता दुकानाला एक सोडून दोन दोन मॅनेजरबाई!"

मॅनेजरबाई म्हणजे धाकटी, थोरलीची जाऊ. तीही फार्मासिस्टच, पण वर एमबीए केलेली. ती घरात पुरती रुळलीही नव्हती तेव्हाच सासऱ्यांनी तिला हे लाडाचं नाव ठेवलं होतं. थोरली मात्र एवढी वर्षं झाली तरी 'सूनबाई'च्या पुढे सरकली नव्हती.

"मला विचारलंस?" थोरलीचा आवाज तिला हवा होता त्याहून चढा निघाला. "औषधं द्यायची तर फार्मसी पुरे आहे. ते धंद्याचं शिक्षण कशाला हवंय? औषध विकणं म्हणजे साबण विकणं नव्हे!"

"तसं नाही हो वहिनी," धाकटी समजुतीच्या सुरात म्हणाली. "नुसतं औषध कळून आता भागत नाही. माल किती मागवायचा, माणसं कशी सांभाळायची, समोर मोठं चकचकीत दुकान उघडलं तर आपण टिकायचं कसं... हे फार्मसीत कुणी शिकवतच नाही. दोन्ही असलं की..."

"दोन्ही असलं की काय होतं, ते बघतेय ना मी रोज!"

ठकीने आईकडे पाहिलं, मग काकूकडे पाहिलं, आणि ताट सरकवून ती काकूच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

थोरलीही फार्मासिस्ट आहे, हे घरातले जवळजवळ विसरले होते. ती लग्न होऊन आली तेव्हा तिची पदविका झालेली होती आणि पुढच्या पदवीला प्रवेशही मिळाला होता. पण त्याच सुमाराला सासूबाईंनी अंथरूण धरलं, आणि घराखालचं औषधाचं दुकान तर नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर असल्याशिवाय उघडता येत नव्हतं! "सूनबाई, तू शिकायला गेलीस तर दुकान कोण बघणार?" बाबांनी विचारलं, आणि तिने हूं की चूं न करता अंगावर पांढरा कोट चढवला. वर सासूबाईंची शुश्रूषा, खाली गिऱ्हाइकं, आणि तान्ही ठकी काउंटरखाली, सलाइनच्या बाटल्यांच्या रिकाम्या खोक्यात झोपलेली... थोरलीने एका पायाने ते खोकं हलवावं आणि हाताने गोळ्या कापून द्याव्यात! त्या त्यागाची कुणी दखल घेतली नाही. धाकटी आली तेव्हा मात्र तेच बाबा म्हणाले, "एवढं शिकलीय पोर, तिचं शिक्षण वाया जाता कामा नये." काउंटरमागच्या भिंतीवर थोरलीच्या पिवळ्या पडलेल्या एकुलत्या एका प्रमाणपत्राशेजारी धाकटीची दोन नवीकोरी प्रमाणपत्रं लागली. खिळे ठोकायला हातोडी थोरलीनेच आणून दिली होती.

मत्सर वाईट, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण मत्सर काय आमंत्रण घेऊन येतो? धाकटी हसली की तिला राग यायचा, नाही हसली की शिष्ट वाटायची. धाकटीला स्वयंपाक येत नव्हता, एवढा एकच दिलासा देवाने थोरलीसाठी राखून ठेवला होता. पण मेलं घरात कुणी नावं ठेवतील तर शपथ! करपलेलंसुद्धा 'छान खरपूस झालंय' म्हणून चाटूनपुसून खायचे. आणि ठकी! परीक्षेची धास्ती वाटली की काकू, मैत्रिणीशी बिनसलं की काकू, केस किती कापायचे तेही विचारायचं काकूलाच... जणू जन्मही काकूनेच दिला होता!

आणि त्यातच धाकटीने दुकानाची मांडणी बदलायला घेतली. जे जास्त खपतं ते हाताशी, जे कमी खपतं ते वरच्या फळीवर, असं तिचं गणित होतं. आणि खरं सांगायचं तर ते चुकीचं नव्हतं, थोरलीच्या गुडघ्यांनाही शिडीची चढउतार वाचली असती. ठकी खोकी पुसून काकूच्या हातात देत होती, दोघींचं खिदळणं चाललं होतं, आणि थोरली गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध समजावून सांगताना त्या हसण्याने आतल्या आत जळत होती.

रक्त पातळ करणाऱ्या एका गोळीची दोन खोकी दुकानात असत, एक मिलिग्रॅमचं आणि पाच मिलिग्रॅमचं. कंपनी एकच, आकार एकच, निळा रंगही एकच. फरक काय तो कोपऱ्यातल्या आकड्याचा. थोरलीने वर्षानुवर्षं त्या दोन खोक्यांच्या मधोमध कापसाची एक जाडजूड गुंडाळी खोचून ठेवली होती. हात कितीही घाईत असला तरी मऊ कापूस लागला की तो थबकायचा, आणि डोळे आकडा वाचायचे. ही तिची स्वतःची युक्ती होती, तिने ती कधी कुणाला सांगितली नव्हती. धाकटीने ती गुंडाळी उचलली, "हा कापूस इथे कुणी ठेवला?" असं पुटपुटत पट्ट्या-बँडेजच्या कप्प्यात टाकली, आणि दोन्ही खोकी अगदी खांद्याला खांदा लावून बसवली.

थोरलीने ते पाहिलं. शब्द ओठांपर्यंत आला... आणि तिथेच अडला. 'दोन दोन पदव्या आहेत ना? कळेल तिचं तिला. एकदा पडू दे तोंडघशी, सगळ्यांदेखत!' या विचाराने तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली. आपण काउंटरवर असतोच, धाकटीच्या हातून काही चुकलंच तर वेळेवर पकडू, अशी मनाची समजूत घालून ती गप्प राहिली.

दोनचार दिवसांनी संध्याकाळी ती वरचं काम आटोपून दुकानात उतरली, तेव्हा गर्दी नुकतीच ओसरली होती. धाकटी आतल्या खोलीत माल पाठवणाऱ्याशी फोनवर हुज्जत घालत होती, आणि काउंटरवर ठकी एकटीच, फुललेल्या चेहऱ्याने उभी होती.

"आई, एवढी गर्दी होती, पण सगळ्यांना मीच औषधं दिली! शिलाईवाल्या आजींनासुद्धा."

"त्यांना काय दिलंस?"

"नेहमीचीच की, रक्त पातळ करायची. एक मिलिग्रॅमची."

थोरलीची नजर फळीकडे गेली. एकच्या खोक्याचं सील जसंच्या तसं होतं... आणि पाचचं खोकं उघडं होतं!

शिलाईवाल्या आजींच्या हृदयाची झडप बदललेली. त्या रोज संध्याकाळी जेवणाआधी दोन गोळ्या घेत. पाचपट औषध पोटात गेलं, दिवसामागून दिवस जात राहिलं, तर आतल्या आत रक्तस्राव होऊन बाई हातची जायची! थोरलीने त्यांना फोन लावला. नुसताच वाजत राहिला. ठकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. फोन टाकून धावत आलेल्या धाकटीने ती दोन खोकी पाहिली आणि काही न विचारता एकचं खोकं आणि स्कूटरची किल्ली उचलली.

"बसा मागे, वहिनी!"

आजवर थोरली कधी तिच्या मागे बसली नव्हती. आज बसली, आणि तोल सांभाळायला जावेच्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यामुळे झालं वहिनी... मीच ती शेजारी शेजारी ठेवली..." धाकटी रडत रडत म्हणत होती. जावेची फजिती व्हावी म्हणून जो दिवस तिने मनोमन योजून ठेवला होता, तो तिच्या पोटच्या पोरीच्या वाट्याला आला होता!

दार बराच वेळ वाजवल्यावर आजींनी उघडलं. गळ्यात मापाची टेप, हातात पाण्याचा पेला.

"अगंबाई, तुम्ही दोघी? आणि एकत्र?" आजी चकित होऊन म्हणाल्या. "सूर्य कुठे उगवला आज? थांबा हं, एवढ्या गोळ्या घेते आणि बोलते. रंग जरा वेगळा दिसतोय गं यांचा. म्हटलं, कंपनीने बदलला असेल..."

"घेऊ नका!" दोघी एकदमच ओरडल्या.

शिलाई मशीनवरच्या त्या दोन गोळ्या थोरलीने उचलल्या, आणि उरलेली पट्टीही मागून घेतली.

योग्य गोळ्या देऊन, हात जोडून माफी मागून दोघी परत आल्या, तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं. ठकी काउंटरवर डोकं टेकून हुंदके देत होती आणि बाबा तिच्यावर कडाडत होते.

"एमबीए करायला निघाली! आधी खोक्यावरचा आकडा वाचायला शीक!"

"बाबा, तिला बोलू नका," धाकटी पुढे झाली. "मांडणी मी बदलली. चूक माझी आहे."

"आहेच! तुझं ते धंद्याचं शास्त्र आजपासून या दुकानाच्या बाहेर. आणि ठकीचं ते पुढचं शिक्षण, तो विषयसुद्धा आज संपला." मग ते थोरलीकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकाएकी ओला झाला. "सूनबाई... तू होतीस म्हणून आज अब्रू राहिली. इतकी वर्षं हे दुकान तूच उभं ठेवलंस, पोरी. आम्हाला डोळे असून दिसलं नाही!"

ठकी धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. "आई, मला नाही करायचं ते एमबीए-बिमबीए! मी इथेच राहीन... तुझ्याजवळ उभी राहीन, तू शिकवशील तेच शिकेन!"

ज्या शब्दांसाठी तिने आयुष्याची इतकी वर्षं कान टवकारून काढली होती, ज्या पोरीच्या मिठीसाठी तिचं अंतःकरण व्याकूळ झालं होतं, ते सगळं त्या अर्ध्या शटरखाली, एका क्षणात तिच्या ओंजळीत येऊन पडलं होतं! तिने फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहणं तर तिला उत्तम जमत होतं. कुणाला काही कळलं नसतं... कधीच कळलं नसतं. तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला, आणि मिठी हळूच सोडवली.

"बाबा, मला दिसलं होतं," ती म्हणाली. "ही त्या खोक्यांमधला कापूस काढत होती तेव्हा मी समोरच होते. तो कशासाठी आहे हे मलाच ठाऊक होतं. मी बोलले नाही."

"पण का, वहिनी?" धाकटीने विचारलं.

"कारण तू चुकावीस असं मला वाटत होतं!" थोरलीचा बांध फुटला. "माझी पोर दिवसभर तुझ्या मागे मागे फिरते... मला नव्हतं बघवत गं! तू शिकलीस, तुझं कौतुक झालं, आणि मी कोट घालून उभीच राहिले. तुला खाली पाहायला लावायचं होतं मला. आणि त्यापायी एका म्हाताऱ्या बाईचा जीव..."

आता ही संतापेल, चार शब्द सुनावेल, असं थोरलीला वाटलं. पण धाकटी खालच्या आवाजात म्हणाली,

"आणि मला काय बघवत होतं वहिनी? दुकानात येणारा प्रत्येक माणूस दारातूनच विचारतो, 'वहिनी नाहीत का? मग नंतर येतो.' डोकेदुखीची गोळीसुद्धा माझ्या हातची नको असते त्यांना! दोन पदव्या भिंतीवर टांगून मी नुसती खुर्ची उबवते. तुमची मांडणी मोडली तर दुकान जरा तरी माझं वाटेल, म्हणून बदलली मी ती. खपाचं गणित नंतर सुचलं."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. आपला हेवा करणारंही या घरात कुणी होतं! रडता रडता तिला हसू आलं, आणि ते पाहून धाकटीलाही आवरेना. पांढरे कोट घातलेल्या दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसताहेत की रडताहेत, हे बाबांना कळेना. ते चष्मा काढून पुसत राहिले.

"ठके, ऐक," थोरली डोळे टिपत म्हणाली. "तू पुढे शिकायचंस."

"नाही आई! मला खरंच नाही जायचं."

"जायचंस. मला औषध कळत होतं, त्यातला धोकाही कळत होता. पण मला कळलेलं चौघांना सांगता आलं नाही. आणि जे माणूस डोळ्यांसमोर नको वाटतं, त्याच्याबरोबर काम कसं करायचं, हे तर मला कुणी शिकवलंच नाही. तुमच्या त्या कॉलेजात शिकवत असतील तर शिकून ये. शिकवत नसतील तर आपल्या काकूला विचार." मग ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तेव्हा तुम्ही मला थांबवलंत आणि मी थांबले. हिला मी थांबू देणार नाही."

बाबांनी मान खाली घातली. "चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले.

"निदान वर्षभर तरी तुमच्याजवळ राहू दे तिला," धाकटी हळूच म्हणाली. "पदवी झाली की आधी या काउंटरवर उभी राहील, मग जाईल. तेही गरजेचंच आहे की. तुमच्या हाताखाली तयार होईल."

थोरली क्षणभर मोहात पडली. एक वर्ष! सकाळ-संध्याकाळ पोर शेजारी... मग तिने मान हलवली.

"नको. वर्षभर जवळ राहिली तर मी तिला सोडायचीच नाही."

ठकीने आईचा हात घट्ट धरला. "आणि मी गेले की तुला एकटीला वाईट नाही का गं वाटणार?"

"वाटेल की," थोरली म्हणाली. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला. सोडायला तिला थोडा वेळ लागला. "वाईटही वाटेल आणि आता तुझाही हेवा वाटेल मला... तरी जा."