मधल्या खुंटीचा नट

ही गोष्ट खरी आहे.

मला ओळखणारे इथंच हसतील. औशाच्या स्टँडवर माझ्या थापा ऐकत लोकांच्या बसा चुकल्यात. पण त्या गोष्टींत मीठमसाला माझा असतो. ही अळणी आहे. जशी ऐकली, आणि शेवटी जशी पाहिली, तशीच सांगतो.

जागा लातूर. संगमेश्वरच्या घराची पुढची खोली. वैशाखातला शनिवार. वेळ पावणेतीन.

दुपारचे.

भूत फक्त रात्री येतं असं ज्याला वाटतं, त्यानं लातुरात वैशाखातली दुपार काढलेली नाही.

संगम माझा लहानपणापासूनचा मित्र. त्यानं आणि सिंधुवैनींनी नांदेडात सतरा वर्षं गेमचं दुकान चालवलं. त्यातलं एक यंत्र सगळ्यांचं लाडकं. उतरती फळी, वर काच. स्प्रिंग ओढून सोडली की लोखंडी गोळी सुसाट वर जायची आणि रबर चढवलेल्या खुंट्यांवर आपटत, दिवे लावत खाली यायची. नाव पिनबॉल. नांदेडची पोरं म्हणायची गोळीचा डबा.

मोबाईल आले, दुकान बसलं. बाकीची यंत्रं गेली. हा डबा वैनींनी जाऊ दिला नाही. लातूरच्या घरी चादर पांघरून ठेवला.

"अहो, एवढा चालू करून द्या. एक डाव खेळते," त्या म्हणायच्या.

"उद्या बघू," संगम म्हणायचा.

अकरा वर्षं तो उद्याच बघत राहिला.

मग एका वैशाखात वैनी गेल्या. चार दिवसांच्या तापानं.

वर्ष भरायला आठवडा उरला तेव्हा त्यानं चादर काढली. पुण्यतिथीला डबा चालू झालाच पाहिजे, वैनींच्या नावानं एक गोळी सुटलीच पाहिजे. डोक्यात दुसरं काही नाही. मुलगी दीपमाला मुखेडला शिक्षिका. फोनवर म्हणाली, "बाबा, मी येते की मदतीला."

"तू त्या दिवशीच ये. हे माझं काम हाय. मीच करून राहिलो."

सगळ्या खुंट्या गंजून लाकडात रुतल्या होत्या. घाई केली तर खुंटी आत मोडते, फळी चिरते, खेळ खलास. त्यानं थेंब थेंब रॉकेल सोडलं, मुरू दिलं. खुंटीच्या वरच्या आट्यांवर दोन नट चढवून एकमेकांवर आवळले आणि खालच्याला पाना लावून हळूहळू उलटं फिरवलं. कुईऽ करत एकेक सुटली. सहा दिवसांत बावीस.

उरली मधली. वाकडी झालेली, नेमकी गोळीच्या वाटेत.

ती फळीतून आरपार गेलेली. खालच्या बाजूनं नट. वरून खुंटी फिरवली की नटही सोबत गरगरायचा. फळी उचलावी तर बिजागऱ्या जाम. डब्याचा तळ वाळवीनं खाल्लेला, तो त्यानं आधीच काढून टाकला होता. म्हणजे एकानं खाली निजून नट धरायचा, दुसऱ्यानं वरून फिरवायचं.

दोघांचंच काम.

नांदेडात खाली वैनी असायच्या. बांगड्या कोपरापर्यंत सारायच्या... खळ्ळ... आणि पाना घेऊन आत.

"धरलं का?"

"धरलंय, फिरवा."

भांडण झालेल्या दिवशीसुद्धा एवढं बोलणं व्हायचंच.

त्या शनिवारी लाइट गेली होती. पंखा बंद. गल्लीत कुत्रंही नाही. संगम खाली निजला, नटाला पाना अडकवला, दांडा शेजारच्या लोखंडाला टेकवला आणि वर येऊन खुंटी फिरवली.

ठण. पाना निसटून फरशीवर.

पुन्हा खाली. पुन्हा वर.

ठण.

तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्यानं दोन्ही हात फळीवर टेकले. घाम डोळ्यांत उतरलेला. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं...

"धरलं का?"

त्याची त्यालाच लाज वाटली. रिकाम्या घरात कुणाला विचारून राहिलो आपण?

तेवढ्यात...

खळ्ळ.

अगदी फळीच्या खाली.

त्याचा हात आपोआप फिरला. अर्धा आटा. एक आटा. पाना पडला नाही. खुंटी वर येऊ लागली. गंज झडत होता, खुंटी येत होती. शेवटी ती त्याच्या तळहातात आली.

आता खाली पाना पडायला हवा होता.

पडला नाही.

संगमनं वाकून पाहिलं नाही. त्याचं धाडसच झालं नाही. गाल फळीवर टेकवून तो उभा राहिला. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. खालून आवाज नाही, श्वास नाही. पण पाना वरच होता.

मग तो हळूच म्हणाला, "सिंधु, हात भरून आला असंल. सोड आता."

ठण.

त्यानं वाकून बघितलं. पाना. शेजारी नट. बाकी फरशी मोकळी.

खुंट्या घासून, मधली ठोकून सरळ करून त्यानं परत बसवल्या. पुण्यतिथीला डबा चालू झाला. दीपमालानं स्प्रिंग ओढली. गोळी सगळ्या खुंट्यांना शिवत, सगळे दिवे लावत खाली आली. लेक डोळे पुसत होती. बाप डब्याकडे बघत नव्हता. फळीच्या खाली बघत होता.

खरं दुखणं त्यानंतर सुरू झालं.

रोज पावणेतीनला तो मधली खुंटी बसवायचा, खाली नट लावायचा, वर येऊन विचारायचा, "धरलं का?"

नट गरगर फिरायचा.

खुंटी निघाल्याशिवाय जेवायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. संध्याकाळी शेजारच्या केवळाबाई बळंच चार घास भरवायच्या. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला. दीपमालाचा मला फोन आला, "काका, तुम्हीच बघा काहीतरी." मी पहिली बस धरली.

त्यानं मला सगळं सांगितलं. म्हणाला, "मीच सोड म्हणालो रे. आयुष्यभर तिनं माझं एक ऐकलं न्हाई. तेवढंच कसं ऐकलं?"

 मी म्हणालो, "चल, आज मी धरतो. निघाली की जेवायचं."

"तुला जमंल? तुझ्या पोटानं डबा उचलला जाईल."

"बघू की."

घड्याळात पावणेतीन. मी खाली निजलो. अंधार, रॉकेलचा वास, वायरींचं जंजाळ. नट डोळ्यांसमोर. पाना माझ्या हातात, अजून छातीवर.

वरून आवाज आला. "धरलं का?"

मी हात उचलणार, तेवढ्यात...

खळ्ळ.

माझ्या कानाशी.

आणि त्यानं फिरवायला सुरुवात केली. माझा पाना छातीवरच होता. मी नटाला बोटही लावलं नव्हतं. पण नट हलत नव्हता. खुंटी त्याच्यातून फिरत फिरत वर चालली होती.

"गड्या, धरलं का म्हणून राहिलो."

मी पाना छातीवर घट्ट दाबून धरला.

"धरलंय," मी म्हणालो. "फिरव."

खुंटी निघून वर गेली. भोकातून उजेड आला. त्या उजेडात मला नट दिसला.

भोकाच्या खाली, वीतभर अंतरावर. अधांतरी.

मी कसा बाहेर सरकलो, आठवत नाही. संगम खुंटीकडे बघत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल झालेला.

"माणसानं धरलं तरच निघती की," तो म्हणाला. "म्हणजे ती गेली. खरंच गेली. मीच येड्यासारखा..."

तो रडला. मग दीड भाकरी जेवला. मग डब्यावर चादर घातली. पावणेतीनला आता तो झोपतो. अंग भरलंय. दीपमाला मला देव मानते.

मी त्याला खरं सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो डब्याखालून उठायचाच नाही. दोन महिने त्यानं जीव तोडून विचारलं तेव्हा ती का आली नाही, आणि नेमकी माझ्या अंगावरून हात घालून का धरलं, हे मला ठाऊक नाही.

उभ्या आयुष्यात हजार थापा मारल्या. एकीनंही झोप मोडली नाही. पण ते एक 'धरलंय'...

दुपारी घड्याळ पावणेतीनकडे सरकलं की माझा हात भरून येतो.

नट खाली पडल्याचा आवाज मी ऐकला नाही. संगमनं चादर घातली तेव्हाही नाही.

आणि या खेपेला तिला कुणी 'सोड आता' म्हटलेलं नाही.