शेवटच्या गाडीतली काठी

आधीच सांगते, मी कधी भूत बघितलं नव्हतं आणि बघायची हौसही नव्हती. असल्या गोष्टी मी जेवताना वाचायचे, करमणूक म्हणून. आज स्वतः लिहायला बसले आहे, कारण हे माझ्यासमोर घडलं. गाडीत आम्ही तिघं होतो. बाकीची दोघं आता कानावर हात ठेवतात.

आणि रात्र बित्र काही नव्हती.

गेल्या महिन्यातला मंगळवार, दुपारचे पावणेतीन. डोक्यावर रणरणतं ऊन, खाली समुद्र, आणि कड्याच्या पोटातून उतरणारा तो रस्ता. बारा वर्षं मी त्या रस्त्याला पाय लावला नव्हता.

का, ते सांगते.

माझे बाबा त्या रस्त्यावर कामाला होते. कड्याच्या बाजूने भिंत बांधायचं काम चालू होतं, त्यामुळे दोन किलोमीटर एकच गाडी जाईल एवढी जागा होती. मोबाइलला रेंज नाही. एका टोकाहून दुसरं टोक दिसत नाही. मग दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा, आणि दोघांत मिळून एक काठी.

काठी हातभर लांब, लाल रंगाची. वरचा माणूस त्याच्या बाजूच्या गाड्या सोडायचा आणि शेवटच्या गाडीत ती काठी द्यायचा. काठी खाली बाबांच्या हातात आली, म्हणजे वाट मोकळी. मगच बाबा खालच्या गाड्या सोडणार, आणि त्यांच्या शेवटच्या गाडीतून काठी परत वर.

“काठी हातात नसेल तर राजाची गाडी आली तरी सोडायची नाही,” बाबा म्हणायचे. आम्ही हसायचो. आमच्याकडे राजे कुठून येणार?

एके दिवशी काठी खाली आलीच नाही. बाबांनी आपल्या बाजूच्या गाड्या अडवून धरल्या, रस्त्याच्या मधोमध झेंडा रोवला आणि वरच्या माणसाला सांगायला स्वतः चालत निघाले. तिकडे मुकादमाला घाई झाली होती. त्याने काठीची वाट न बघता एक डंपर खाली सोडला.

वळणावर बाबा होते.

चौकशीच्या कागदात काय लिहिलं, माहीत आहे? ‘कर्मचाऱ्याने काठी हरवली, घाबरून जागा सोडली. बहुधा मद्यपान केलेले.’

मद्यपान! चहासुद्धा अर्धा कप घेणारा माणूस. मुकादमाचं त्या कागदात नावसुद्धा नाही. गेलेला माणूस उठून बोलत नाही, म्हणून सगळं त्याच्या माथी मारून हे लोक मोकळे झाले. आईने तो कागद एकदा वाचला आणि घडी घालून कपाटात ठेवला. मी मात्र बारा वर्षं अर्ज करते आहे. ‘मद्यपान’ हा एक शब्द खोडा, एवढंच माझं मागणं आहे. साहेब बदलतात, उत्तर बदलत नाही.

आता पाहुण्यांबद्दल.

मी तीन वर्षं परदेशात कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये होते. शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसायची. परक्या माणसांचे खोटे दात घासता घासता आमची गट्टी जमली. जमली तीसुद्धा कशी? पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “तुमच्या देशात माझा नवरा जाऊन आलाय. लग्नाच्या आधी. समुद्राकाठच्या त्या रस्त्याचं कौतुक सांगून त्याने माझे कान किटवलेत.”

घरची आठवण येत होती. आपल्याकडचं कुणी काही बघितलेलं आहे, एवढ्यानेच मला भरून आलं. किती मूर्ख असतो माणूस!

तिच्या नवऱ्याला आम्ही म्युझियम म्हणायचो. जिथे जाईल तिथून हा काहीतरी उचलून आणणार. हॉटेलातला चमचा, बागेतली पाटी, कुठल्यातरी बोटीची घंटा. सगळं जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलेलं. मी त्या भिंतीखाली बसून किती वेळा जेवले आहे.

दोघं आमच्याकडे आली. सहा दिवस मी त्यांना किनारा दाखवणार होते. गाडी माझी, हौस त्यांची. पहिल्या दोन दिवसांत म्युझियमने लॉजच्या खोलीची किल्ली आणि दीपगृहाच्या पायरीवरच्या फरशीचा तुकडा खिशात घातला. किल्ली मी परत द्यायला लावली.

“अगं, आठवण म्हणून घेतो,” तो म्हणाला.

“आठवण डोक्यात ठेवायची असते. खिशात ठेवतात त्याला चोरी म्हणतात,” मी म्हणाले. मैत्रीण हसली. मी हसत नव्हते.

तिसऱ्या दिवशी तो हट्टालाच पेटला. त्याला त्या रस्त्यानेच जायचं होतं. मी दोनदा टाळलं. मग मैत्रीण म्हणाली, “एवढ्यासाठी तर आलोय गं.” म्हटलं ठीक आहे. रस्ता आता रुंद झाला आहे, दोन किलोमीटर म्हणजे तीन मिनिटं. समोर बघायचं आणि गाडी हाणायची.

म्युझियम मागे एकटा, खिडकीशी. मैत्रीण माझ्या शेजारी. आम्ही वरून खाली उतरायला लागलो.

पहिल्या वळणाला रेडिओ खरखरला आणि बंद पडला.

दुसऱ्या वळणाला मैत्रीण म्हणाली, “समुद्राचा आवाज का येत नाहीये?”

खरंच येत नव्हता. खाली लाटा फुटताना दिसत होत्या... पण आवाज नव्हता.

समोरून एकही गाडी येत नव्हती. भर दुपारी, पर्यटनाच्या दिवसांत, एकही नाही. मी आरशात बघितलं. मागेही कुणी नव्हतं.

म्हणजे वरून खाली येणारी शेवटची गाडी आमचीच होती.

आणि मग शिट्टी वाजली.

दोन आखूड, एक लांब.

ती शिट्टी मी ओळखते. लहानपणी मैदानातून घरी बोलवायला बाबा तशीच वाजवायचे.

खालच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा होता. नारिंगी जाकीट, तोंडाला धुळीसाठी फडकं, हातात लाल झेंडा. काम चालू असल्याची काही खूण नाही, खडी नाही, मशिन नाही. फक्त तो.

मी ब्रेक दाबला.

त्याच्या मागे रस्ता लांबवर दिसत होता. मोकळा, कोरडा. पण त्या मोकळ्या रस्त्यावरून आवाज येत होते... थांबलेल्या गाड्यांच्या इंजिनांचे. एक, दोन, दहा, कितीतरी. कुणीतरी वैतागून हॉर्न वाजवला. कुठेतरी लहान मूल रडत होतं. एक ट्रकवाला ओरडला, “अहो, सोडा की आता!”

गाडी एकही नव्हती. मी शपथेवर सांगते, एकही नव्हती.

तो माणूस चालत आला. माझ्या बाजूने, माझ्या खिडकीला जवळजवळ घासून. मी काच खाली केली. तोंडातून “बाबा” एवढंच निघालं.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

तो सरळ मागच्या खिडकीशी गेला आणि हात पुढे केला. तळवा वर. काहीतरी द्या, अशा अर्थाने. त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं. दगडाखाली चिरडलं होतं ते, मी सहावीत असताना. मीच पट्टी बांधली होती.

“काठी,” तो म्हणाला.

रागाने नाही. कामावरचा माणूस बोलतो तसं, साध्या आवाजात.

म्युझियमची पाचावर धारण बसली होती. तो सीटच्या पार दुसऱ्या कडेला सरकला. आमची भाषा त्याला ओ की ठो येत नाही. तरीही तो त्याच्या भाषेत पुटपुटला, “माझ्याकडे नाहीये. इथे नाहीये.”

इथे नाहीये.

हात तसाच होता. मग तो काचेला टेकला... आणि समुद्राचा आवाज एकदम कानावर आदळला. रेडिओ मोठ्याने गायला लागला. समोरून एक बस वळण घेऊन आली आणि आम्ही मधोमध उभे म्हणून ड्रायव्हरने शिव्या हासडल्या.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली. उतरले आणि मागचं दार उघडलं.

“इथे नाहीये म्हणजे? मग कुठे आहे?”

तो दुसऱ्या दाराची कडी चाचपायला लागला.

“कुठे आहे काठी?”

“घरी,” तो म्हणाला. “भिंतीवर.”

मैत्रीण मागे वळली. “ती लाल? तू तर म्हणाला होतास, त्या माणसाने प्रेमाने भेट दिली!”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बारा वर्षांपूर्वी हा भाड्याच्या गाडीतून इथूनच गेला होता. शेवटची गाडी. ड्रायव्हरने काठी मागे त्याच्या हातात दिली. खाली आल्यावर बाबांनी हात पुढे केला. ह्याने काठी मांडीखाली लपवली, ड्रायव्हरला खुणेने सांगितलं, दिली, चल. बाबा शिट्टी वाजवत गाडीमागे धावले.

“मला वाटलं, तो टाटा करतोय,” म्युझियम म्हणाला. “मीपण हात हलवला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर हात उगारला. मारला नाही, एवढंच. काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. तो म्हणत राहिला, “केवढीशी लाकडाची काठी, मला काय माहीत?”

केवढीशी काठी! ती भिंतीवर मी बघितली होती हो. लाल रंगाची, टोकाला निळ्या दोरीचा फास. बाबांची काठी कधी कामावरून घरी आली नव्हती, मला ती कशी ओळखू येणार? मला ते लाटणं वाटलं होतं. मी त्याच्याखाली बसून दोनदा वाढून घेतलं होतं.

संध्याकाळी लॉजवर पोचलो. मी रिसेप्शनवरून कोरा कागद आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

“लिही. काठी तू नेलीस, ते लिही. आणि काठी पाठव. मला दुसरं काही नको.”

“पाठवतो,” तो म्हणाला. “लिहायचं मात्र वकिलाला विचारून.”

काठी नीट काढून ठेवायला सांगावी म्हणून मैत्रिणीने तिकडच्या शेजारणीला व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या घराची किल्ली तिच्याकडे होती. शेजारीण मोबाइल घेऊन भिंतीसमोर उभी राहिली. चमचे होते, पाटी होती, घंटा होती.

मधे एक खिळा होता. खिळ्याखाली हातभर लांब, फिकट पट्टा... जिथे बारा वर्षं धूळ बसली नव्हती.

काठी नव्हती.

“कुलूप तर मी आत्ताच उघडलं,” शेजारीण म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिकिटं बदलून दोघं निघून गेली. मी पाठवलेले मेसेज वाचले जातात. उत्तर येत नाही. ‘आपण चौघांनी भास बघितला,’ असं मैत्रिणीने एकदाच कळवलं होतं. गाडीत आम्ही तिघंच होतो. तिने चौथा कोण मोजला, ते मी विचारलं नाही.

मी पुन्हा ऑफिसात गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “काठी आणा, मग बघू.”

कुठून आणू?

आता खरं सांगायचं तर मला बाबांचाच राग येतो. तुम्हाला काठी मिळाली ना? मग मला काय मिळालं? तेवढा एक पुरावा होता जगात, तोही तुम्ही घेऊन गेलात. बारा वर्षं तुमच्यासाठी मी भांडते आहे, आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हे सगळं मी आठवडाभर आईपासून लपवलं. मग एका दुपारी सांगून टाकलं. शिट्टी, बोट, भिंतीवरचा रिकामा खिळा. वाटलं, ती रडेल. नाहीतर म्हणेल, डोकं फिरलंय तुझं.

तिने कागदाबद्दल विचारलं नाही, साहेबांबद्दल नाही, त्या चोराबद्दलही नाही.

“मग,” ती म्हणाली, “गाड्या सोडल्या का त्यांनी?”

मला सांगता आलं नाही. काठी घरातून गेली ते आम्हाला संध्याकाळी कळलं. तोपर्यंत आम्ही तो रस्ता मागे टाकला होता.

काल तिने माळ्यावरून बाबांचा डबा काढला. त्या दिवशी त्यांच्या जागेवर सापडला होता तो, न उघडलेला. तीनला सुट्टी झाली की जेवायचे. आईने डबा घासून पुसून पालथा घातला आहे. मंगळवारी डबा भरून आपण दोघी जाऊ, म्हणते. पावणेतीनच्या आत पोचायला हवं. ती मागे बसणार आहे, त्याच खिडकीशी.

मी हो म्हटलंय. गाडीची ती काच मी तीनदा धुतली, तरी त्यावरचा हात जात नाही. चार बोटं पूर्ण, एक अपुरं.

रांग अजून तशीच उभी असेल, तर मला काय करायचं ते कळणार नाही. पण त्याहून दुसरीच भीती मला झोपू देत नाही.

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. आईकडेही नाही बघितलं, तर?