काळजीबाईची नवी काळजी

जिन्याच्या वळणावर दोघं एकमेकांवर आदळली आणि त्याच्या हातातला प्लास्टिकचा डबा खाडकन पायऱ्यांवर पडला.

"अहो, बघून!" ती म्हणाली.

"आई गं!" तो ओरडला, आणि तो नुसता उद्गार नव्हता. त्या डब्यात खरोखरच त्याची आई होती. म्हणजे, ऑपरेशनमध्ये तिच्या पोटातून काढलेला गाठीचा तुकडा. दुसऱ्या दवाखान्यातून तो इथल्या लॅबमध्ये तपासायला घेऊन आला होता.

त्यानं घाईघाईनं डबा उघडला. काचेची पट्टी तडकली होती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं खाली बसून डब्यातला मेणाचा छोटा ठोकळा उचलला आणि उजेडाकडे धरला.

"हा शाबूत आहे ना, मग काही बिघडलं नाही. तुकडा मेणात असतो. याचा पातळ काप काढून नवी काच करता येते. मीच करते ते काम."

"म्हणजे... आईला काही लागलं नाही?"

बोलून झाल्यावर तो एवढा ओशाळला, की तिला हसू आवरेना. मग तिनं पाहिलं, त्याचे केस ओले होते आणि अंगाला तरणतलावाच्या पाण्याचा तो तिखट वास येत होता.

"बाहेर तर कडक ऊन आहे. तुम्ही कुठून भिजून आलात?"

"मुलांना पोहायला शिकवतो. पाण्यातून निघालो तो थेट इकडेच. भीती वाटली, की मला कोरडं व्हायला सुचत नाही."

लॅबमध्ये त्याचं नाव त्याच दिवशी 'कोच' पडलं. तिला मात्र घरीदारी सगळे काळजीबाई म्हणत. गॅस बंद केला का, हे बघायला ती अर्ध्या रस्त्यातून परत यायची. भाऊ शिंकला, की ती थर्मामीटर घेऊन धावायची. "हिच्या वाटणीचं झोपायला माणूस ठेवा," असं तिचे बाबा म्हणायचे.

नवी काच तिनं स्वतःच्या हातानं रंगवली आणि लॅबच्या डॉक्टर मॅडमकडे देण्याआधी मायक्रोस्कोपखाली सरकवली. स्वादुपिंडाची गाठ होती. मधोमध एक जाडसर नस, रक्ताची नव्हे, संवेदना वाहून नेणारी, आणि तिच्याभोवती विळखा घालून बसलेल्या वाईट पेशी. असल्या काचा तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. पोटातल्या गाठी आणि नसा यांचं साटंलोटं, हाच मॅडमच्या संशोधनाचा विषय होता. पण आज तिचे हात गार पडले. दाराबाहेर बाकावर तो बसला होता.

ती बाहेर आली. तो उठून उभा राहिला.

"वाईट आहे ना?"

"रिपोर्ट मॅडम देतील. मला बोलायची परवानगी नाही."

"तुम्ही बोललात कुठं? चेहराच बोलला. बरं... मग परवानगी असेल असं काहीतरी सांगा. इथं चहा कुठं बरा मिळतो?"

मॅडमनी सगळं नीट समजावून सांगितलं. गाठ पूर्ण काढता येण्यासारखी नव्हती. औषधांनी तिला आवरून धरायचं, एवढंच हाती होतं. पण रिपोर्ट मिळाल्यावरही कोच "रिपोर्ट झाला का?" असं विचारायला येतच राहिला. आधी तिला हसू यायचं. मग तो यायच्या वेळेला ती उगाचच केस सारखे करू लागली. आणि एक दिवस तो उशिरा आला, तेव्हा तिच्या लक्षात आलं – आपल्या काळज्यांमध्ये आता हीही एक भर पडली आहे.

त्या दिवशी दोघं आवारातल्या झाडाखाली बसली होती. तो चहाचा कप नुसताच हातात फिरवत होता.

"आईची पाठ इतकी का दुखते हो? गाठ पोटात आणि कळ पाठीत. पाठ टेकून झोपताच येत नाही तिला. रात्रभर उशी पोटाशी धरून बसते."

"त्या जागेमागेच नसांचं मोठं जाळं आहे. गाठ नसांच्या कडेकडेनं सरकते. नसा चिडतात, कळ पाठीत जाते." ती सावकाश बोलत होती. "आणि नसाही साध्या नसतात. त्यांच्यातून जे स्रवतं, त्यानं गाठीला बळ मिळतं. गाठ पुन्हा नव्या नसांना जवळ ओढते. दोघी एकमेकींना धरून असतात."

त्याचा कप फिरायचा थांबला.

"म्हणजे काळजीनं होतं हे. माणूस घाबरलं, की नसाच ताणल्या जातात ना? मी चांगलं शिक्षण सोडून पाण्यात उतरलो. तेव्हापासून आई नीट जेवलेली नाही. पोर बुडेल, पोराचं कसं होईल... मीच दिलं तिला हे."

"असं नाही हो—"

"तुम्हीच आत्ता म्हणालात!"

तो उठला आणि निघून गेला. कप तिथंच राहिला, भरलेला.

मग तो आलाच नाही. फोन उचलेना. काळजीबाईच्या घशाखाली घास उतरेना. आपणच कशाला शहाणपणा करायला गेलो? अर्धवट ज्ञान दिलं आणि माणसाच्या उरावर धोंडा ठेवला... घरात कुणाला काही सांगितलं नाही. बाबांनी मात्र, "आज गॅस बघायला परत आली नाहीस, म्हणजे प्रकरण गंभीर आहे," असं म्हणून तिच्याकडे रोखून पाहिलं.

शेवटी मॅडमकडून तिला कळलं, की आज दवाखान्यात त्याच्या आईच्या गाठीमागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन त्या बधिर करणार आहेत. जेवणाच्या सुट्टीत ती धावतच तिथं पोचली. तो बंद दारासमोर उभा होता, केस आजही ओले.

"तुम्ही कशाला आलात?"

"माझं वाक्य अर्धं राहिलं होतं." तिला धाप लागली होती. "नसा गाठीला बळ देतात, हे खरं आहे. ताणाचा त्यात किती हात असतो, ते अजून शोधतायत. पण आईनं पोराची काळजी केली म्हणून तिला गाठ झाली, असं कुणीही, कुठंही दाखवलेलं नाही. माझं हेच काम आहे, मी खोटं सांगणार नाही. आणि... काळजीनंच हे होत असतं, तर आमच्या घरात सगळ्यात आधी माझा नंबर लागला असता!"

तो हसला... आणि हसता हसता भिंतीला टेकून रडू लागला. तिनं त्याचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता. तिचा त्याहून गार.

"तुमचा हात इतका गार का?" त्यानं विचारलं.

"आत काय होईल याची भीती वाटतेय. आणि..."

"आणि?"

"तुम्ही पुन्हा फोन उचलणार नाही, याची."

दार उघडलं. नर्सनं त्याला आत बोलावलं, तसा तिचा हात न सोडताच तो आत गेला.

आई पलंगावर उताणी झोपली होती. पाठ टेकून, पाय सैल सोडून. डोळे मिटलेले. त्याची बोटं काळजीबाईच्या बोटांत रुतली. तेवढ्यात आईनं डोळे उघडले.

"दुखत नाहीये रे," ती नवलानं म्हणाली. "गादी इतकी मऊ असते होय!"

मग तिची नजर दोघांच्या हातांवर गेली. काळजीबाई पटकन हात सोडवायला लागली, तर त्यानं सोडला नाही.

"ही कोण?"

"ही... लॅबमध्ये असते, आई."

"लॅबमधले सगळेच हात धरतात का तुझा?" आई क्षीण हसली. "हे बघ पोरी, गाठ गेलेली नाही, मला माहीत आहे. माझ्याकडे वेळ थोडा आहे, त्यातला लाजण्यात घालवू नका. आता जा दोघंही बाहेर. मला झोपू दे."

बाहेर येऊन दोघं खिडकीपाशी उभी राहिली. पुढचे दिवस सोपे नव्हते. ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्या ओल्या केसांतून एक थेंब कपाळावर ओघळला. तिनं रुमाल काढला, पुढे केला, मग स्वतःच तो थेंब टिपला.

"मला फार भीती वाटते," तो हळूच म्हणाला. "पुढं जे येईल त्याची. तुम्ही... असाल का सोबत?"

तिच्या मनात नेहमीचीच धास्ती आली. पण यावेळी ती मागे वळली नाही.

"असेन," ती म्हणाली. "पण तू आधी केस पुसत जा. सर्दी होईल तुला."